पाच महिने पेटलेली चेक इंजिनची लाइट आणि उद्यमनगरातलं एक बिननावाचं गॅरेज

आमची आई त्या चिन्हाला 'नळ' म्हणते. मीटरमध्ये इंजिनाची जी पिवळी आकृती पेटते ती तिला आडव्या तोटीसारखी दिसते. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "अगं, हा नळ कशाला लागलाय?" त्यानंतर तो नळ पाच महिने लागलेलाच होता. मध्ये चार वेळा विझला आणि चारही वेळा परत आला. शेवटी ज्यांनी त्याचं खरं कारण शोधलं त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी जरा सविस्तर वाचावं, म्हणून मीही सविस्तर लिहिते.

गाडी २०११ ची आहे. पेट्रोल, चार सिलिंडर, बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. बाबा गेले, आता मीच ती रोज कागल ते कोल्हापूर चालवते. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. आई रोज माझ्याबरोबर येते आणि दिवसभर बहिणीकडे नातीजवळ थांबते. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं ते या वयाच्या कुठल्याही गाडीत होऊ शकतं. यंदा रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं पूर्ण होतायत. फिटनेस करून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं माझ्या डोक्यात पक्कं होतं, आणि चेक लाइट पेटलेली घेऊन मला आरटीओत जायचं नव्हतं.

आधी मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. नाव घेत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती, पण पद्धत वाईट होती. पहिल्या वेळी त्यांनी स्कॅनर लावला, 'पी ०१७१' असा कोड सांगितला, कोड पुसला आणि सातशे रुपये घेतले. चौथ्या दिवशी लाइट परत आली. दुसऱ्या वेळी चार प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, बिल २,८५०. नऊ दिवस गेले, लाइट हजर. तिसऱ्या वेळी म्हणाले, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. तो बदलला, मजुरीसकट ४,६००. एका आठवड्यात पुन्हा तेच. म्हणजे ८,१५० रुपये देऊन मी जिथं होते तिथंच. चौथ्या वेळी सल्लागाराने कॉम्प्युटरकडे बघत सांगितलं, "मॅडम, आता ईसीएमच बदलायला लागेल." ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. आकडा ऐकला आणि गाडी तशीच बाहेर काढली.

दरम्यान प्रत्येकाचं आपापलं निदान चालू होतंच. शेजारचे काका म्हणाले, इथेनॉल. ऑफिसात एकानं सांगितलं, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, लाइट जाते. जातेही, कारण कोड पुसला जातो. पण त्याबरोबर इंजिनाच्या कॉम्प्युटरने शिकून ठेवलेलं सगळंच पुसलं जातं, आणि बिघाड होता तिथंच राहतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी एकदा काढून बघितली. दोन दिवस गाडी आयडलिंगला, म्हणजे उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, नीट टिकत नव्हती आणि तिसऱ्या दिवशी नळ परत लागला.

आमच्या भाऊजींनी या गॅरेजचं सांगितलं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत आहे. पाटीवर नाव नाही, नुसतं 'ऑटो इलेक्ट्रिकल व स्कॅनिंग' असं हिरव्या रंगात लिहिलंय. दोन गाड्या आत मावतात, तिसरी गल्लीत. मालक साठीच्या आसपासचे. तरुणपणी याच उद्यमनगरात लेथवर काम करायचे, नंतर गाड्यांकडे वळले. हाताखाली दोन पोरं. मी त्यांना काका म्हणते, ते मला ताई आणि आईला मावशी.

पहिली गोष्ट मला आवडली ती ही की त्यांनी स्कॅनर लगेच लावला नाही. स्टूल दिलं, आणि दहा मिनिटं नुसतं विचारत राहिले. गॅस किट बसवलंय काय? गाडी कुठं धडकली होती काय? इंजिन कधी उतरवलं होतं काय? लाइट स्थिर असते का लुकलुकते? (लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो, तेव्हा गाडी पळवायची नाही, हे त्यांनी तिथंच समजावलं. माझी स्थिर होती.) आधी कुणी काय केलं? बिलं आहेत काय? बिलं डॅशबोर्डच्या कप्प्यात होती. ती त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली आणि सेन्सरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "जुना सेन्सर दिला काय तुम्हाला?" दिला नव्हता. मागायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

"ॲव्हरेज कमी झालंय?"

"सोळाचं तेरावर आलंय."

"हां," म्हणाले. एवढंच.

मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड तोच, पी ०१७१. त्याचा अर्थ मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मोठ्या वर्कशॉपमध्ये कोड वाचला की काम संपायचं. काकांनी मात्र आणखी एक पान उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्याला 'फ्रीज फ्रेम' म्हणतात. लाइट लागली त्या क्षणी इंजिन काय करत होतं याचा तो फोटोच असतो. वेग शून्य. आरपीएम आठशेच्या आसपास. इंजिनाचं पाणी ६१ अंश. म्हणजे गाडी चालू होती, उभी होती, आणि अजून पूर्ण तापलेली नव्हती.

"सकाळी गाडी चालू करून कुठं थांबता काय ओ ताई?"

थांबते. रोज थांबते. आईचे गुडघे दुखतात. ती कुलूप लावते, तुळशीला पाणी घालते, चार पायऱ्या कठडा धरून उतरते. तोवर पाच-सहा मिनिटं मी गाडी चालू करून दारात उभी असते, कारण बाबा म्हणायचे इंजिन जरा गरम होऊ द्यावं. पाच महिने लाइट कधी लागते ते मला सांगता आलं नव्हतं, आणि ते गाडीतच लिहून ठेवलेलं होतं. आमच्या अंगणातली रोजची ती सहा मिनिटं एका परक्या माणसाच्या स्क्रीनवर बघून माझ्या डोळ्यात पाणीच आलं.

पुढचं त्यांनी मला उभं करून दाखवलं, म्हणून समजलं तसं लिहिते.

इंजिनाचा कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरकडे बघून पेट्रोल कमीजास्त करत असतो. सेन्सर एक्झॉस्टच्या वाटेवर बसलेला असतो आणि बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते सांगतो. ऑक्सिजन जास्त दिसला की कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडतंय, आणि वाढवतो. किती वाढवलं ते टक्क्यांत दिसतं, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. निरोगी गाडीत तो आकडा शून्याच्या आजूबाजूला, साधारण दहाच्या आत अधिक-उणे असतो. माझ्या गाडीत आयडलिंगला अधिक २३ होता. मग एका पोरानं ॲक्सिलरेटर दाबून इंजिन अडीच हजारावर धरलं. आकडा हळूहळू उतरत अधिक ४ वर आला. पाय काढला, परत वीसच्या वर.

"पंप कमजोर असता, नाहीतर फिल्टर तुंबलेला असता, तर वर नेल्यावर आकडा वाढला असता," काका म्हणाले. "इथं उलटं होतंय. खाली दुखतंय, वर बरं वाटतंय."

मी इथेनॉलचं विचारलं. २०२५ पासून देशभर पंपावर वीस टक्क्यांचं पेट्रोल मिळायला लागलं, आणि लाइट त्याच वर्षी लागली, तेव्हा शंका येणारच. त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं आणि ट्रिम चार-पाच टक्क्यांनी वर सरकतो हे त्यांनी मान्य केलं. पण ते वाढलं तर सगळीकडे सारखं वाढतं. आयडलिंगला तेवीस आणि अडीच हजारावर चार, हे इथेनॉल करत नाही. वरचे ते चार कदाचित इथेनॉलचे असतील, उरलेल्याचं कारण आपल्याला शोधायचंय, असं म्हणाले. या एका उत्तरासाठीसुद्धा मी त्यांना पैसे दिले असते, इतकी उलटसुलट मतं मी ऐकली होती.

मग सेन्सर. नवाच होता, पण त्यांनी तोही तपासला. एअर फिल्टरच्या तोंडाशी क्लीनरचा एक छोटा फवारा मारला. हाताशी आग विझवायचा लाल डबा ठेवला होता आणि मला चार पावलं मागं उभं केलं होतं. फवारा आत गेल्याबरोबर सेन्सरचा आकडा ०.१ वरून ०.८५ व्होल्टला उडाला. म्हणजे सेन्सर जिवंत आणि चपळ. मग तोच फवारा इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या जोडांवर, व्हॅक्युमच्या पायपांवर, ब्रेक बूस्टरच्या नळीवर थोडाथोडा मारला. कुठून हवा ओढली जात असती तर इंजिनाचा आवाज बदलला असता. बदलला नाही.

नंतर त्यांनी एक प्लग काढला. हाच तो क्षण, ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय. मोठ्या वर्कशॉपने बसवलेला, जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा प्लग. टोकाला काळी, कोरडी, मखमलीसारखी काजळी. काकांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि बोट फिरवायला सांगितलं. बोट काळं झालं.

"कोड काय म्हणतोय? पेट्रोल कमी. आणि प्लग काय म्हणतोय?"

"जास्त."

"मग आता खरं कोण बोलतंय?"

दोघंही खरंच बोलत होते. पेट्रोल खरोखर जास्त जात होतं, म्हणून ॲव्हरेज पडलं, म्हणून प्लग काळे. आणि सेन्सरला खरोखर ऑक्सिजन जास्त दिसत होता. फक्त तो ऑक्सिजन इंजिनातून आलेला नव्हता. इंजिन आणि सेन्सर यांच्या मध्ये कुठंतरी बाहेरची हवा शिरत होती. सेन्सरला ती दिसायची, तो खरं तेच सांगायचा, आणि बिचारा कॉम्प्युटर त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल ओतत राहायचा. नवा सेन्सर आणला तरी तो दुसरं काय सांगणार? ४,६०० रुपये देऊन मी तोच निरोप नव्या माणसाकडून ऐकला होता.

आता हवा शिरते कुठून ते बघायला इंजिन थंड पाहिजे, लोखंड तापलं की फुगतं आणि फट बारीक होते, म्हणून गाडी रात्रभर ठेवून जा, असं म्हणाले. मला विचारलं, सकाळी चालू केल्यावर टकटक आवाज येतो काय? येत होता. पहिली एक-दोन मिनिटं, बारीक, सुपारी अडकित्त्यात कातरावी तसा. मी तो मोठ्या वर्कशॉपमध्ये सांगितलाही होता. "जुनी गाडी आहे मॅडम, टॅपेट असेल," असं उत्तर मिळालं होतं. पण तिथं गाडी पोचेपर्यंत वीस किलोमीटर पळून तापलेली असायची आणि आवाज गेलेला असायचा. तो कुणी ऐकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून साडेसातला पोचले. उद्यमनगर तेव्हा नुकतं उघडत होतं, शटरांचे आवाज आणि चहाच्या किटल्या. काकांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा, म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या बिडाच्या भागावरचा, पत्रा काढला. दहाच्या पान्याचे तीन बोल्ट, त्यातला एक गंजून बसलेला, त्याला तेल पाजून पाजून सोडवला. मग धूळ उडवायचा साधा ब्लोअर घेतला, सायलेन्सरच्या मागच्या तोंडाला लावला, भोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि चालू केला. इंजिन बंदच. म्हणजे हवा उलट्या दिशेने एक्झॉस्टमध्ये भरली. पोरानं बाटलीत कपडे धुवायच्या पावडरीचं पाणी केलं होतं, ते जोडांवर फवारलं.

पहिल्या तीन सिलिंडरांच्या जोडावर काही नाही, पाणी नुसतं ओघळलं. चौथ्याच्या खालच्या बाजूला, जिथं टॉर्च मारली तरी नीट दिसत नाही तिथं, फेस फुगायला लागला. आधी बारीक, मग बोराएवढे फुगे, फुटायचे आणि परत यायचे. काकांनी छोटा आरसा धरला आणि मला बोलावलं. फेसाच्या कडेला लोखंडावर काजळीची काळी रेघ होती, अंगठ्याच्या नखाएवढी. तिच्या शेजारी एक स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड आवळून धरणारा आट्यांचा दांडा, नुसताच होता, नट नाही, टोक नाही. तुटून कधी पडला कुणास ठाऊक.

एवढंच होतं. २२ हजारांचा ईसीएम नाही, सेन्सर नाही, इथेनॉल नाही. एक तुटलेला स्टड आणि त्याच्यापाशी जळून गेलेलं पॅकिंग.

तिथून धूर बाहेर येतो हे कळतं, पण हवा आत कशी जाते हे मला समजत नव्हतं. काकांनी हात पुढे-मागे करून दाखवलं. धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. आयडलिंगला ठोके विरळ असतात आणि दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर उलटी ओढ तयार होते. त्या ओढीत फटीतून बाहेरची हवा आत जाते आणि पुढं सेन्सरवरून वाहते. इंजिन वर नेलं की धुराचा लोंढा इतका असतो की या हवेला फारशी जागाच राहत नाही. म्हणून खाली तेवीस, वर चार. हायवेला गोकुळ शिरगावच्या पुढं गाडी कशी झक्क पळायची आणि सिग्नलला का थरथरायची, याचा उलगडा झाला.

दुरुस्तीला दीड दिवस लागला, आणि तो का लागला तेही मला पटलं. मॅनिफोल्ड उतरवला. त्याच्या इंजिनाला टेकणाऱ्या सपाट बाजूवर पोलादी पट्टी ठेवून उजेडाकडे धरली, तर चौथ्या बाजूला उजेड दिसत होता. फट मोजायच्या फिलर गेजचं पातं तिथं अलगद आत गेलं. म्हणजे मॅनिफोल्डचं बीडही वाकलेलं. नुसतं नवं पॅकिंग टाकून आवळलं असतं तर सहा महिन्यांत परत फुटलं असतं. त्यांनी मॅनिफोल्ड समोरच्याच शेडमध्ये सरफेस ग्राइंडिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, दिला. गल्ली ओलांडली की काम होतं, हे कोल्हापुरातच होऊ जाणे. तुटका स्टड हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, रुतून बसला होता. त्याच्या उरलेल्या टोकावर एक नट ठेवला, नटाच्या भोकातून आत वेल्डिंगचा टाका मारला, लालबुंद झाला तसा थोडा निवू दिला, मग पाना लावून थोडा पुढं, थोडा मागं, असं करत सोडवला. काकांचा श्वास रोखलेला, पोरं गप्प. तो हेडच्या आत तुटला असता तर हेडच उतरवायला लागलं असतं. स्टड अख्खा बाहेर आला तेव्हा त्यांनी तो खिशातल्या फडक्यात पुसून माझ्या हातात दिला. अजून माझ्याकडे आहे.

नवे स्टड सगळेच टाकले, फक्त तुटलेला नाही. नट टॉर्क रेंचने मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला आवळले. पत्राही परत बसवला. हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ ठिकाणी तो पत्रा 'कशाला पाहिजे' म्हणून फेकून देतात.

बिल हाताने लिहिलेलं, पण प्रत्येक गोष्ट वेगळी: तपासणी ५००, पॅकिंग ३८०, स्टड आणि नट २४०, ग्राइंडिंग ३००, मजुरी २,२००. एकूण ३,६२०. तपासणीचे पाचशे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, काम इथं करा किंवा करू नका, ते द्यायचे. काही लोक यावरून हुज्जत घालतात म्हणे. मला उलट हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली. ज्या माणसाला शोधायचे पैसे मिळतात त्याला पार्ट विकायची घाई नसते. मोठ्या वर्कशॉपमध्ये शोधायला कुणाला वेळच दिलेला नव्हता, बदलायला मात्र होता.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा खटकली. काम झाल्यावर लाइट पेटलेलीच होती आणि काकांनी कोड पुसायला नकार दिला. आयडलिंगचा ट्रिम त्यांनी दाखवला, पाचच्या खाली होता. "मी पुसला तर लाइट माझ्या स्कॅनरनं गेली का कामानं गेली, तुम्हाला कसं कळणार? दोन-चार दिवस रोजच्यासारखी चालवा. गाडीच बंद करेल." असे बहुतेक कोड सलग दोन फेऱ्यांत बिघाड दिसला की लाइट लावतात आणि सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की ती विझवतात, हे त्यांनी सांगितलं. पुसून पुसून चार वेळा फसलेल्या मला हे ऐकून धाकधूकच वाटली. पण ऐकलं.

घरी नेताना त्यांनी आणखी एक सांगितलं. या इंजिनाला सकाळी सहा मिनिटं गरम करायची गरज नाही, अर्धा मिनिट पुरे, मग सावकाश निघायचं. पण पुढचे चार दिवस मात्र रोजच्यासारखंच थांबा, म्हणाले, तीच खरी परीक्षा. मग मी तशीच थांबले. आई उतरेपर्यंत दारात गाडी चालू ठेवून, मीटरवर नजर लावून. टकटक नव्हती, हे मात्र पहिल्याच सकाळी कळलं. अंगणात इतकी शांत गाडी मी बाबांच्या वेळेनंतर ऐकली नव्हती.

आता ज्यांना तिथं जायचंय त्यांच्यासाठी. फोन करून जाऊ नका, ते हातात काम असताना उचलत नाहीत. सकाळी साडेनऊच्या आधी गेलात तर निवांत बोलतात. मंगळवारी बंद. बसायला एक स्टूल आणि एक जुनी सीट आहे, बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, ही मोठी अडचण आहे आणि मी त्यांना तसं सांगितलंय. गाडी 'संध्याकाळी देतो' म्हणाले तर दुसऱ्या दिवशी दुपार धरा. माझ्या वेळीही एक दिवस पुढं गेलं. पैसे फोनवरून चालतात. प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांच्या अगदी नव्या गाड्या, हायब्रिड, चावीचं प्रोग्रामिंग, ही कामं ते घेत नाहीत आणि सरळ सांगतात, 'माझ्याकडे त्याचं सॉफ्टवेअर नाही.' दहा-पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी असेल आणि लाइट जात नसेल तर मात्र दुसरीकडे फिरू नका.

जाताना आधीची सगळी बिलं न्या. लाइट कधी लागते, थंड असताना की गरम असताना, उभी असताना की चालताना, हे चार दिवस कागदावर लिहून न्या. जाण्याआधी कोड कुणाकडूनही पुसून घेऊ नका आणि बॅटरी काढू नका, कारण त्याबरोबर ती फ्रीज फ्रेमही जाते. माझी शाबूत राहिली ती केवळ शेवटच्या वेळी मी चिडून गाडी तशीच बाहेर आणली म्हणून.

नंतर मी काकांच्या सांगण्यावरून साडेसहाशे रुपयांचं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र, म्हणजे छोटा स्कॅनर, मागवलं. काड्यापेटीएवढं असतं, त्याच सोळा पिनांच्या सॉकेटला बसतं, मोबाइलवर कोड, ट्रिम, पाण्याचं तापमान सगळं दिसतं. माझ्या गाडीला चाललं, पण सगळ्याच जुन्या गाड्यांना चालेल असं नाही. आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे गाडीनं आपले बिघाड आपणच नोंदवायच्या सोयीची, सक्ती बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांबरोबर टप्प्याटप्प्याने आली, पहिला टप्पा २०१० ला आणि दुसरा २०१३ ला. आणि २०१० मध्ये बीएस-४ ज्या मोठ्या शहरांत आलं त्यांत पुणे होतं, सोलापूर होतं, आपलं कोल्हापूर नव्हतं. म्हणून त्या काळातल्या गाडीला घेण्याआधी कुणाचं तरी लावून बघा. आणि बघून झालं की काढून ठेवा, लावून ठेवलं तर बॅटरी थोडीथोडी खात राहतं. मला याचा उपयोग एवढाच वाटतो की वर्कशॉपमध्ये कुणी काही सांगितलं तर आकडा मलाही दिसतो. आयडलिंगला सध्या अधिक ३, हायवेला अधिक ४. ॲव्हरेज साडेपंधरापर्यंत परत आलंय.

लाइट गेली चौथ्या सकाळी. मी बघत होते तेव्हा नव्हे. आई आत बसली, पिशवी मांडीवर घेतली, दार लावलं, आणि मीटरकडे बोट करून म्हणाली, "नळ बंद केलास होय गं?"